पाकटाच्या आतड्यातली पांढरी पट्टी

गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईने मुरबाडच्या बाजारातून पाकट आणलं. साफ करताना आतड्यातून पांढरी, फितीसारखी पट्टी निघाली. सासूबाई म्हणाल्या, "पोरांच्या पोटात जंत होतील." अख्खं पाकट उकिरड्यावर गेलं आणि पैसे पाण्यात. ते टाकायची गरज नव्हती. का, ते सांगते.

ती पट्टी म्हणजे पट्टकृमी. शेळीच्या लेंड्यांवर भाताच्या शितासारखे तुकडे दिसतात ना, तेही पट्टकृमीचेच. पण तो कृमी वेगळा. पट्टकृमीला तोंड नाही की पोट नाही. डोक्याने आतड्याला चिकटून राहायचं आणि अंगावाटे अन्न शोषायचं. म्हणून त्याची जात ओळखायची ती मुख्यतः डोक्यावरून, तीही सूक्ष्मदर्शकाखाली.

मुशी (कुणी मोरी म्हणतं) आणि पाकट यांच्या आतड्यात गोल जिन्यासारखा पीळ असतो. तिथे चिकटायला कृमींची डोकीही नाना तऱ्हेची. एकाला चार काटेरी सोंडा, आत-बाहेर होणाऱ्या. दुसऱ्याला चार मऊ पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर आकड्यांची जोडी. तिसऱ्याच्या पाकळ्या देठावर, त्यांत बारीक कप्पे. हे बहुतेक पाकटांत सापडतात. पूर्वी पाकळीवाले जवळजवळ सगळे एकाच गणात घालायचे. पुढे त्यांचं नातं तितकं जवळचं नाही हे लक्षात आलं आणि २००९ साली देठवाल्यांचा वेगळा गण झाला. २०१७ साली जगभरच्या पट्टकृमींच्या पाहणीचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात एकूण १९ गण आहेत, त्यांतले ९ मुशी-पाकटांत सापडणारे.

आपल्याकडेही हे काम झालंय, तेही समुद्रापासून लांब, औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात. प्रा. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रत्नागिरीसारख्या किनाऱ्यांवरच्या माशांतले कृमी तपासून कितीतरी नव्या जातींना नावं दिली. त्यांतली काही नावं नंतरच्या अभ्यासकांना पडताळता येईनात, कारण मूळ नमुनेच हाती लागत नाहीत. पावती नसली की वहीतल्या आकड्यावरून गटात कशी भांडणं होतात, ते आपल्याला माहीत आहेच.

आता मुद्द्याचं. मुशी-पाकटाच्या आतड्यातला हा कृमी तिथेच वाढतो, माणसाच्या पोटात संसार थाटत नाही. आतडी काढा, मासा धुवा, नीट शिजवा आणि खुशाल खा.

माणसाला खरा त्रास देतो तो डुकराच्या कच्च्या मांसातून येणारा पट्टकृमी. ज्याच्या पोटात तो आहे, त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या भाजीतून, हातांतून दुसऱ्याच्या पोटात गेली तर त्यांच्या गाठी मेंदूतही होतात आणि फिट येते. डुकराचं मांस कधीच न खाणाऱ्यालासुद्धा. तेव्हा घरात कुणाला फिट आली तर कांदा हुंगवत बसू नका, दवाखान्यात न्या.