कोणत्या परवानगीच्या किती फाइल्स? एका ओळीत मोजा

साताऱ्यातल्या एका छोट्या पतसंस्थेचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या शाखेतून सभासदांची वाचलेली कागदपत्रं स्कॅन होऊन पेनड्राइव्हवर आली. मी ती घाईघाईत, परवानग्या आहेत तशाच ठेवून, सर्व्हरवर कॉपी केली. काही दिवसांनी नवीन क्लार्क म्हणाला, "सर, कर्जाच्या फाइल्स मलापण उघडतायत, चालेल ना?"

झालं असं, की पेनड्राइव्हच्या फॅट रचनेत लिनक्सच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत. माउंट करताना ठरेल ती एकच परवानगी सगळ्या फाइल्सना लागते. आमच्याकडे ती ७७७ होती.

हे आकडे सोपे आहेत. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. म्हणजे ७७७ ला दार सताड उघडं!

पण अशा फाइल्स किती? त्यासाठी ही ओळ (टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करा):

फाइंड . -टाइप एफ -प्रिंटएफ '%एम\एन' | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

'फाइंड' आतल्या सगळ्या फोल्डर्समध्ये शिरून प्रत्येक फाइलची परवानगी एकेका ओळीत छापतं. 'युनिक' फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी मोजतं, म्हणून आधी 'सॉर्ट' हवंच. शेवटचं 'सॉर्ट' मोठा आकडा वर आणतं. '-टाइप एफ' विसरू नका, नाहीतर सिमलिंकसुद्धा मोजल्या जातात आणि लिनक्सवर त्या नेहमी ७७७ दिसतात. मॅकच्या 'फाइंड'मध्ये 'प्रिंटएफ' नाही, तिथे 'स्टॅट' वापरावं लागतं.

एक मेख आहे. फक्त ७७७ शोधलं तर ६६६ निसटतं, आणि तिथेही कुणीही लिहू शकतं. म्हणून हेही चालवा:

फाइंड . -टाइप एफ -पर्म -००२ | डब्ल्यूसी -एल

००२ च्या आधीचं वजाचिन्ह म्हणजे "बाकी काहीही असो, इतरांना लिहिण्याची मुभा आहे का, एवढंच बघ."

मोजून झाल्यावरच मी त्या स्कॅन फोल्डरमधल्या फाइल्सना ६४० दिलं: मालक वाचेल-लिहील, गट फक्त वाचेल, इतरांना काही नाही. स्क्रिप्ट्सना मात्र सरसकट ६४० देऊ नका, त्या चालायच्या थांबतील. मग पहिली ओळ पुन्हा चालवली. यादीत ७७७ नव्हतं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. आता बाहेरून काहीही कॉपी केलं, की आधी मोजतो.