वही आधी कोणी वाचली?

बेळगावच्या कॅम्पात राहून मराठी कविता लिहिणाऱ्याला वाचक शोधत बाहेर पडावे लागते. शेजारी कन्नड, उर्दू, कोंकणी, इंग्रजी बोलणारे. माणसे जिव्हाळ्याची, पण वहीतली कुठली ओळ सैल पडली हे सांगणारे त्यांत सहसा कोणी नसते. म्हणून सीमाभागातल्या कवितेचा मागोवा घेताना मला पहिला प्रश्न हाच पडतो : छापण्याआधी ही वही कोणी वाचली?

इंदिरा संतांना तो वाचक घरातच होता. निपाणीजवळच्या तवंदीच्या दीक्षितांची ही लेक. पती ना. मा. संत स्वतः कवी आणि लघुनिबंधकार. १९४० साली ‘सहवास’ हा दोघांच्या कवितांचा एकत्र संग्रह निघाला. एका घरातले दोन कवी एका पुस्तकात येतात, तेव्हा एकमेकांच्या कच्च्या ओळी दोघांनी वाचल्या असणारच.

१९४६मध्ये ना. मा. गेले. त्याच वर्षी इंदिराबाईंच्या बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. गावाला नवा विषय मिळाला. इंदिराबाईंच्या वाट्याला मुलांचा संसार, नोकरी आणि वही आली. पुढचा संग्रह, ‘शेला’, निघायला १९५१ उजाडले. मला त्यांच्या साऱ्या वाटचालीत ही पाच वर्षे सर्वांत बोलकी वाटतात. कविता थांबली नव्हती. जाणता सोबती नसताना ती एकटीने पारखायची होती. ‘मेंदी’ १९५५ची, ‘मृगजळ’ १९५७ची. मधल्या १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. कवयित्री होती तिथेच राहिली. ‘गर्भरेशीम’ला १९८४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘शेला’ आला त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिकडे खानदेशात बहिणाबाई गेल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी स्वतः नाणावलेले कवी. तरी आईच्या ओव्या दाखवताना ते संकोचले होते. आचार्य अत्र्यांनी ती वही वाचली, छापायचा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ मराठीला मिळाली. अत्र्यांसारख्या व्यापातल्या माणसाने तेव्हा ‘ठेवून जा, बघतो’ म्हटले असते तर?

आज बेळगावच्या आसपास कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशी गावोगाव संमेलने भरतात, त्यांत कविसंमेलने रंगतात. पोरांना माईक मिळतो, टाळ्या मिळतात, शाल मिळते. हे मोलाचेच आहे. पण पेन्सिल हातात घेऊन, ‘हे कडवे काढ, हे ठेव’ असे सांगणारे ज्येष्ठ फार थोडे.

सीमाभागातल्या नामवंत लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे : कोणी संकोचत वही पुढे केली, तर ती शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि जे वाटेल ते त्याला स्पष्ट सांगा.