जायफळ आणि मासळीचं ग्वाव : कॅरिबियनमधल्या या गावाला जायचं तर शुक्रवार धरून जा

मोठ्या पातेल्यात नीरफणसाचे जाड तुकडे, वर अळूची पानं, नारळाचं घट्ट दूध, भरपूर हळद आणि मिरची. झाकण लावायचं आणि दूध आटून तळाला तेल सुटेपर्यंत हलवायचं नाही. वाचून कुणालाही वाटेल की हे मालवण किंवा काणकोणच्या एखाद्या घरातलं आहे. पण हा ग्रेनाडा या कॅरिबियन देशाचा राष्ट्रीय पदार्थ आहे. नाव ‘ऑइल डाउन’. फरक एवढाच की त्यात खारवलेलं मांस किंवा खारा मासाही पडतो.

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, फार तर पांढरी वाळू आणि क्रूझ जहाजं. ग्रेनाडाच्या दक्षिणेला ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर ती हॉटेलं आहेतच. पण देश समजून घ्यायचा असेल तर पश्चिम किनाऱ्याने वर जाऊन ग्वाव गाठायला हवं. नकाशावर इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण ‘गोयावे’ म्हणू, स्थानिक लोक मात्र ‘ग्वाव’ म्हणतात. फ्रेंचांनी दिलेलं हे नाव, अर्थ पेरू. अख्ख्या देशाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, म्हणजे बेळगाव शहराच्या जेमतेम एक चतुर्थांश. त्यातलं हे एक छोटं गाव, आणि ते जगतं दोन गोष्टींवर : जायफळ आणि मासळी.

जायफळाचं गोदाम

ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळाचं चित्र आहे, यावरून त्याचं मोल कळावं. १८४३ च्या सुमारास हे झाड इथे आलं आणि पुढे हा चिमुकला देश इंडोनेशियाच्या खालोखाल जगातला मोठा उत्पादक झाला. ग्वावमध्ये जायफळावर प्रक्रिया करणारं जुनं केंद्र आहे. ते चालवते शेतकऱ्यांची सहकारी संघटना, स्थापना १९४७ ची. थोडे पैसे भरून पाहुण्यांना आत फिरून बघता येतं.

आत शिरताच वासानेच कळतं कुठे आलो ते. शेतकरी जायफळ आणि जायपत्री वेगवेगळी करून आणतात. कवचासकट जायफळ लाकडी ट्रेमध्ये पसरून सहा ते आठ आठवडे सावलीत वाळवतात. हलवल्यावर आत बी खुळखुळलं की वाळलं. मग यंत्रावर कवच फोडतात आणि बी पाण्यात टाकतात. जड बुडतं ते चांगलं, तरंगतं ते हलकं आणि ते तेल काढायला जातं. निवडण्याचं काम बायका टेबलाशी बसून हातानेच करतात. शेवटी तागाच्या पोत्यात भरून वर परदेशातल्या बंदराचं नाव रंगवायचं.

वाणिज्य शाखेतून शिकलेल्या माणसाला यातला हिशेब जास्त ओढून घेतो. शेतकऱ्याने माल घातला की वजनावर आधी उचल मिळते आणि वर्षअखेरीस संघटनेच्या विक्रीप्रमाणे बोनस. आपल्या सीमाभागात उसाची पहिली उचल आणि अंतिम बिल यावर दरवर्षी जे चालतं, ते ठाऊक असलेल्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

एका दिवसात गेलेली बाग

हे सगळं ७ सप्टेंबर २००४ रोजी मोडलं. इव्हान चक्रीवादळाने ग्रेनाडात ३९ जीव घेतले, दहापैकी नऊ घरांचं नुकसान केलं आणि जायफळाची बहुतेक झाडं मुळासकट पाडली. सावरायच्या आत, जुलै २००५ मध्ये एमिली वादळ आलं.

भात गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतं, जायफळाचं तसं नाही. बी लावल्यापासून फळ धरायला सहा-आठ वर्षं जातात. शिवाय झाड नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही आणि फळ देते ती मादीच. गोव्यातल्या कुळागरांत जायफळ लावणाऱ्यांना ही डोकेदुखी माहीत आहे, म्हणूनच कलमं आली. ग्वावच्या मागच्या डोंगरात ज्याची झाडं पडली तो चाळिशीत असेल, तर नवी बाग पूर्ण भरात येईपर्यंत तो म्हातारपणाकडे झुकलेला. कित्येकांनी पुन्हा लावलीच नाही. उत्पादन अजून जुन्या आकड्यावर गेलेलं नाही, आणि जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने देशाच्या उत्तर भागाला पुन्हा तडाखा दिला.

म्हणून समुद्राचा आधार मोठा. ग्वाव ही देशाची मासेमारीची राजधानीच मानतात. इथला पिवळ्या पराचा ट्यूना बर्फात घालून विमानाने अमेरिकेला जातो. २९ जूनला सेंट पीटरच्या सणाला चर्चमध्ये प्रार्थना होते, होड्या-जाळ्यांना आशीर्वाद दिला जातो, होड्यांच्या शर्यती लागतात. आपल्या नारळी पौर्णिमेची आठवण यावी असाच हा दिवस.

शुक्रवारची संध्याकाळ

दर आठवड्याला बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ‘फिश फ्रायडे’. शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या अरुंद गल्ल्या वाहनांना बंद होतात आणि दोन्ही बाजूंना स्टॉल लागतात. भाजलेला ट्यूना, तळलेले मासे, लॉबस्टर, मोठ्या शंखातला लांबी नावाचा जीव, माशाचे वडे आणि ‘बेक’ म्हणजे तळलेली जाड पुरीच म्हणा. सोबत ढोल आणि गाणी. हे चालवतात गावचेच लोक. तुम्ही दिलेले पैसे होडीवाल्याच्या आणि स्टॉलवालीच्या घरात जातात. बाहेरच्या कंपनीच्या रिसॉर्टमध्ये सगळं आगाऊ भरलेलं असतं, त्यातलं गावाला काय मिळतं हा प्रश्न इथे पडत नाही.

शाकाहारी असाल तर ‘आयटल’ हा शब्द लक्षात ठेवा. रास्ताफारी लोकांचं मांसमच्छीविना जेवण ते. सकाळी दालचिनी-जायफळ घातलेला ‘कोको टी’ जरूर प्या. हळदीला इथे ‘सॅफ्रन’ म्हणतात, केशर समजून गोंधळू नका. करी आणि रोटीही मिळते. १ मे १८५७ रोजी ‘मेडस्टोन’ जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये ग्रेनाडात उतरले. ते कोलकात्याहून निघालेले, त्यामुळे मराठी खुणा शोधायला जाऊ नका. त्यांच्या वंशजांतले बहुतेक ख्रिस्ती झाले, भाषा गेली, पण करी टिकली. १ मे तिथे भारतीय आगमन दिन म्हणून पाळतात.

ग्वावचं आणखी एक नाव जगाला ठाऊक आहे : किरानी जेम्स. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर जिंकून देशाला पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा धावपटू याच मच्छीमार गावातला.

जाण्याआधी

- ग्रेनाडाला भारतातून थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेतून विमान बदलावं लागतं आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. ग्रेनाडाच्या प्रवेशाचे नियम तिकीट काढण्याआधी बघून घ्या.
- जानेवारी ते मे कोरडा हंगाम. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ.
- चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर ठरलेलाच आहे.
- राजधानी सेंट जॉर्जेसहून ग्वाव साधारण वीस किलोमीटर. पाच नंबरची व्हॅन जाते. आपल्या वडापसारखी दाटीवाटी, उतरायचं तर पत्र्यावर टकटक करायची. रविवारी गाड्या फार कमी.
- वाटेत काँकॉर्डचे तीन धबधबे आहेत. पहिल्यापर्यंत रस्ता, पुढे जायफळाच्या बागांतून पायवाट. चांगले बूट हवेत.
- लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, ते घालणं तिथे बेकायदा आहे.

प्रक्रिया केंद्र कामाच्या दिवशीच उघडं असतं. म्हणून शुक्रवारी सकाळी धबधबा, दुपारी जायफळ आणि संध्याकाळी मासळी हा क्रम सोयीचा. रात्री परतीच्या गाडीची व्यवस्था मात्र आधी करून ठेवा. येताना जायफळ-जायपत्री घ्यायची तर विमानतळावर न घेता गावातच घ्या. वादळानंतर पुन्हा झाड लावलेल्या कुणाला तरी त्यातून दोन पैसे मिळतील.