ऑफिसची शेअर्ड फाइल 'रीड-ओन्ली' का उघडावी?

समजा, ऑफिसमधल्या सगळ्यांच्या रजांची नोंद एकाच एक्सेल फाइलमध्ये आहे. आपल्या किती रजा उरल्या, एवढंच बघायला कुणीतरी ती उघडतं. बोट चुकून 7 वर पडतं, एंटर दाबलं जातं आणि फाइल बंद होते. ज्या चौकटीत 7 पडले, तिथे शिल्लक रजा मोजणारा फॉर्म्युला होता. आता त्या कर्मचाऱ्याने कितीही रजा घेतल्या तरी शिल्लक 7 च दिसणार. फाइल बिघडल्याची कुठलीही खूण नाही. वर्षअखेरीला हिशेब जुळेना झाला की मग शोधाशोध सुरू होते.

पूर्वी असं का व्हायचं नाही?

व्हायचं, पण कमी. कारण फाइल बंद करताना एक्सेल विचारायचं, बदल सेव्ह करायचे का? फक्त बघायला आलेला माणूस 'नाही' म्हणून मोकळा व्हायचा. 2017 मध्ये ऑफिस 365 मध्ये ऑटोसेव्ह आलं. वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर ठेवलेल्या फाइलमधला बदल आता काही सेकंदांत आपोआप सेव्ह होतो. वीज गेली तरी काम वाचतं, ही मोठीच सोय. पण जाताना होणारी ती विचारणा त्यात गेली. व्हर्जन हिस्टरीतून जुनी प्रत परत मिळवता येते हे खरं. मात्र त्यासाठी चूक झालीय हे आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

म्हणून ही विचारणा फाइल उघडतानाच करायची. एक्सेलमध्ये 'फाइल', मग 'इन्फो', त्यातल्या 'प्रोटेक्ट वर्कबुक'मध्ये 'ऑलवेज ओपन रीड-ओन्ली' निवडायचं आणि फाइल सेव्ह करायची. वर्डमध्ये हाच पर्याय 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट'खाली आहे. यानंतर फाइल उघडणाऱ्याला विचारलं जातं, बदल करायचे नसतील तर फक्त वाचण्यासाठी उघडू का? 'येस' म्हटलं की मूळ फाइलला धक्का लागत नाही. ज्याला खरंच नोंद करायची आहे, त्याने 'नो' म्हणायचं.

ऑफिसच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये फाइल असेल, तर आणखी एक फायदा आहे, आणि रोजच्या कामात तोच जास्त जाणवतो. तिथे एकाने फाइल उघडली की बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी ती लॉक होते. बघायला आलेला माणूस फाइल तशीच उघडी ठेवून जेवायला जातो आणि नोंद करणारा ताटकळतो. रीड-ओन्ली उघडलेली फाइल असं अडवून धरत नाही.

मग फाइल सुरक्षित झाली का?

नाही. हे कुलूप नव्हे, दारावरची पाटी आहे. 'नो' कुणीही म्हणू शकतं. बदल ठरावीक माणसांनीच करावेत असं असेल, तर 'सेव्ह अ‍ॅज'च्या खिडकीत 'टूल्स', मग 'जनरल ऑप्शन्स' इथे बदल करण्यासाठी वेगळा पासवर्ड ठेवता येतो. वनड्राइव्हवर त्याहून सरळ उपाय म्हणजे शेअर करतानाच इतरांना फक्त बघण्याची परवानगी देणं. गुगल डॉक्स आणि शीट्समध्येही तेच करावं, बहुतेकांना 'व्ह्यूअर' ठेवावं आणि नोंद करणाऱ्या दोघा-तिघांनाच 'एडिटर' करावं. पगार किंवा आजारपणाची माहिती असेल, तर प्रश्न बदल करण्याचा नाहीच. ती फाइल कुणी बघावी, हेच आधी ठरवावं लागतं.

एक त्रास मात्र होतो. रीड-ओन्ली उघडलेल्या एक्सेल फाइलमध्येही टाइप करता येतं. सेव्ह करायला गेलं की वेगळ्या नावाने कॉपी ठेवायला सांगितलं जातं आणि घाईत लोक तेच करतात. मग फोल्डरमध्ये 'रजा फायनल', 'रजा फायनल नवीन' अशी पिल्लं जमू लागतात. त्यामुळे ही सेटिंग चालू करताना नोंदी कोण करणार आणि चूक दिसली तर कुणाला कळवायचं, हे फाइलच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवलेलं बरं.