संगणकाचे वीजघर

संगणकाचा विषय निघाला की आपण प्रोसेसर, मेमरी आणि पडदा यांविषयी हिरीरीने बोलतो. या सर्वांना पोसणारी लोखंडी पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. डोंबिवलीकरांना तरी हे शोभत नाही. १९२९च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने धावायची होती, तेव्हा रेल्वेने शेजारच्या ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले. इंजिनाआधी त्याच्या विजेचा विचार झाला होता.

माझी थोरली बहीण लग्नाच्या चित्रफितींचे संपादन घरीच करते. माझी फी त्यातूनच भरली जाते. तिच्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड घालायचे ठरले, तेव्हा मी जो हिशेब मांडला तो येथे देतो.

घरातली वीज २३० व्होल्टची, एसी. संगणकाला हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, डीसी. हे रूपांतर ही पेटी करते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा भार मुख्यतः १२ व्होल्टवर पडतो. म्हणून पेटीवरचा ठळक आकडा बाजूला ठेवून कोष्टकातली १२ व्होल्टची ओळ वाचावी. आमच्या जुन्या पेटीवर ‘५००’ छापलेले होते; पण त्या ओळीत २५ अँपिअर, म्हणजे १२ × २५ = ३०० वॅटच!

आता गरज पाहू. आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅट, प्रोसेसर भर कामात सुमारे १२०, उरलेले भाग अंदाजे ६०, एकूण ३५०. शिवाय कार्ड क्षणभर याहून अधिक वीज ओढते. पेटी अपुरी पडली तर संपादन चालू असतानाच संगणक बंद पडतो. पेटी हलकी असेल, तर जाताना इतर भागांनाही घेऊन जाते. त्या कार्डासाठी उत्पादकाने ५५० वॅटची पेटी सुचवली आहे. आम्ही तीच घेतली.

‘८० प्लस’ ही खूण पेटीची ताकद दाखवत नाही. ती दाखवते काटकसर. ८५ टक्के कार्यक्षमतेची पेटी ३५० वॅट देण्यासाठी भिंतीतून सुमारे ४१२ वॅट घेते. त्यामुळे ३६० वॅटचा छोटा यूपीएस अशा वेळी पुरणार नाही, हेही ध्यानात घ्यावे.

मित्रहो, दुकानात कार्डाची झगमग पाहण्याआधी पेटीवरचे कोष्टक वाचा. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला न झेपणारे गणित त्यात नाही. गुणाकार आणि बेरीज आली की पुरे.