लोणार : नांव आणि खाण

वाशीम-रिसोडकडून लोणारास जाणारी मंडळी वाटाड्यामागून विवराच्या कडेवरून तळाशीं उतरते, देवळें पाहते, लवणासुराची कथा ऐकते व परत वर चढते. हें सरोवर एक जुनी क्षाराची खाण होतें, ही गोष्ट मात्र तिला क्वचितच सांगितली जाते.

विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर. तें अशनिपातानें झालें, हें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आघातानें पालटलेल्या खडकांवरून दाखविण्यांत आलें. धारेचें पाणी गोडें, तळ्याचें खारें. कारण आंत आलेल्या पाण्यास बाहेर वाट नाहीं. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं काठीं सोडाक्षार बसे व मजूर तो गोळा करीत. पापडी, भुसकी, खुप्पल अशीं त्याच्या प्रकारांचीं नांवें होतीं. काच व साबण यांस लागणारे पदार्थ येथें मिळत, असें अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’त नमूद केलें आहे.

आतां नांवाविषयीं. सुवर्णकाराचा सोनार व कुंभकाराचा कुंभार झाला, त्याच न्यायानें लवणकाराचा लोणार होईल; पण तें मनुष्याचें नांव. स्थळास ‘लवणाकर’ हाच शब्द अधिक शोभतो. आकर म्हणजे खाण. मधला ककार प्राकृतांत गळतोच. असुर नांवावरून मागाहून आला असावा, असें माझें मत आहे.

२०२० पासून सरोवर रामसर यादींत आहे; तेथील क्षार कोणी उचलूं नये. वाटाड्यांनीं मात्र काठावरील पांढऱ्या थरापाशीं घटकाभर थांबून त्या मजुरांची हकीकत सांगावी. देवळें त्यानंतर दाखवावींत.