ऐकीव गोष्टींचे शपथेवरचे प्रयोग

कॅलिफोर्नियात लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेल्या माणसालाही मनोविकाराच्या कारणावरून पुढे इस्पितळात डांबता येतं, हे आता सर्वांना ठाऊक आहे. ज्युरीसमोर तज्ज्ञ येतो, शपथ घेतो, शास्त्र सांगतो. फायली हाताळणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र त्याआधीचा अंक माहीत असतो. कुणा प्रोबेशन अधिकाऱ्याचा जुना अहवाल पहिला मानसशास्त्रज्ञ उतरवून घेतो, दुसरा पहिल्याचा आधार घेतो, तिसरा दोघांचा. ज्युरीला वाटतं, तिघांचं एकमत झालं. ते झालेलं असतंच, पण त्या कधीच निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याशी!

टेक्ससचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. जेम्स ग्रिगसन यांना तर फायलीचंही ओझं नको असे. अर्नेस्ट स्मिथ हा आरोपी खटल्याला उभा राहण्याच्या मनःस्थितीत आहे का, एवढंच बघायला न्यायाधीशांनी त्यांना धाडलं होतं. दीड तास बोलणं झालं. पुढे शिक्षा ठरवायची वेळ आली, तेव्हा सरकारतर्फे पिंजऱ्यात हेच डॉक्टर! 'हे बोलणं तुझ्यावरच उलटेल' असं स्मिथला कुणी बजावलं नव्हतं. म्हणून त्याचा मृत्युदंड रद्द करणारा निकाल 1981 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. थॉमस बेअरफूट या दुसऱ्या आरोपीला तर डॉक्टर कधी भेटलेच नव्हते. वकिलाने रचलेल्या काल्पनिक प्रश्नावरून त्यांनी तो पुन्हा हिंसा करणार, अशी शंभर टक्के खात्री दिली. असे अंदाज तीनात दोनदा चुकतात, असं मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेच न्यायालयाला कळवलं होतं. तरी 1983 साली ती साक्ष ग्राह्य ठरली. म्हणजे भेटून दिलेली साक्ष बाद आणि न भेटता दिलेली पास. संघटनेने डॉक्टरांना काढून टाकलं ते 1995 साली. बेअरफूटला मृत्युदंड देऊन तेव्हा दहा वर्षं उलटली होती.

न्यूयॉर्कचा किस्सा जास्त सभ्य. जानेवारी 1999 मध्ये अँड्र्यू गोल्डस्टीनने केंड्रा वेबडेल या तरुणीला भुयारी रेल्वेखाली ढकललं. खटला उभा राहण्याआधीच तिच्या नावाने सक्तीच्या उपचारांचा कायदा मंजूर झाला. राजकारणी न्यायालयापेक्षा चपळ निघाले. पहिल्या ज्युरीचं एकमत होईना. दुसऱ्या खेपेला सरकारी मनोविकारतज्ज्ञ चांगल्याच तयारीने आल्या. गोल्डस्टीनला ओळखणाऱ्यांच्या त्यांनी स्वतः मुलाखती घेतल्या होत्या, आणि कोण काय म्हणालं ते त्यांनी ज्युरीला सांगून टाकलं. गोल्डस्टीन दोषी ठरला. 2005 साली वरच्या न्यायालयाने विचारलं, त्या माणसांची उलटतपासणी कुणी घेतली? कुणीच नाही. दोषसिद्धी रद्द झाली. जादा गृहपाठ अंगाशी आला तो असा.

पण मानसशास्त्रज्ञांची खरी झोप उडवली ती एका पोलिसाने. सान्ता आनाच्या सांचेझ खटल्यात गुन्हेगारी टोळ्यांचा जाणकार म्हणून उभा राहिलेला हा डिटेक्टिव्ह आरोपीला कधी भेटला नव्हता. इतर पोलिसांनी लिहिलेले कागद वाचून तो आरोपीचा इतिहास सांगत होता. 2016 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, खटल्यातल्या माणसाबद्दलच्या ऐकीव गोष्टी तज्ज्ञाने खऱ्या म्हणून सांगायच्या नाहीत. त्या आधी रीतसर शाबित व्हायला हव्यात. वाद टोळीचा, गडबड उडाली इस्पितळांच्या फायलींत. त्याच वर्षी बरोज या इसमाला इस्पितळात डांबण्याचा आदेश वरच्या न्यायालयात याच मुद्द्यावर कोसळला. सरकारी वकील जुन्या निकालांच्या प्रमाणित नकला शोधत धावू लागले.

मग ऐकीव गोष्टींचा जमाना संपला का? छे! त्याच निकालाने तज्ज्ञाला एक सवलत ठेवली आहे: अशा गोष्टी वाचून त्याने मत खुशाल बनवावं, आणि आपण त्यावर विसंबलो हेही मोघमपणे सांगावं. फक्त त्या गोष्टी कोणत्या, ते बोलायचं नाही. त्यामुळे पूर्वी ज्युरीला निदान ऐकू तरी यायचं की तज्ज्ञाने कुणाचं ऐकलं. आता नुसतं मत ऐकायला मिळतं.